शब्द झिजतो, दुखणे झिजत नाही

दिवाळीच्या अंकात भांडण उकरून काढू नये असा एक संकेत आहे. फराळाच्या ताटात कडू जिन्नस वाढत नाहीत, तसा या अंकात कडू विषय घेत नाहीत. पण आमच्या कोकणात नरकचतुर्दशीच्या पहाटे पायाखाली कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावण्याची चाल आहे. आधी कडू, मग फराळ. त्या चालीचा आधार घेऊन मी आज थोडे कडू बोलणार आहे. वाचकांनी ते जिभेला लावून पाहावे. नाहीच रुचले तर खुशाल थुंकून टाकावे.

माझी तक्रार मानसशास्त्रातल्या आणि मेंदुविज्ञानातल्या शब्दांविषयी आहे. किंबहुना ते शब्द वाटेल तसे फेकण्याच्या आपल्या सवयीविषयी आहे. हे शब्द विद्वानांच्या ग्रंथांतून निघून आपल्या दिवाणखान्यात येऊन बसले, याचा मला आनंदच आहे. पण येताना त्यांनी आपली व्याख्या चपलांसारखी उंबरठ्याबाहेर काढून ठेवली, आणि ती आत आणण्याची कोणालाच गरज भासली नाही. क्रिकेटचा सामना हरला की आपल्याला ‘डिप्रेशन’ येते. ज्याच्याशी पटत नाही तो ‘नार्सिसिस्ट’ असतो. चहा दोनदा प्यायलो तर ‘अ‍ॅडिक्शन’ आणि चिवड्याची वाटी संपवली तर ‘डोपामिन’. यात एवढे रागावण्यासारखे काय आहे, असे कोणी म्हणेल. ते सांगण्यासाठी मला आमच्या घरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे.

गेल्या दिवाळीत आमच्या धाकट्या सूनबाईंनी फराळाचे डबे उंचीप्रमाणे मांडले, सगळ्यांच्या कड्या एका दिशेला केल्या, आणि शेजारच्या बाईंनी कौतुक केले तेव्हा हसून म्हणाल्या, “काय करू? मला ओसीडी आहे ना!” सगळे हसले. मला मात्र थोरल्या काकू आठवल्या.

थोरल्या काकू म्हणजे सोवळ्याची पराकाष्ठा, असे आमच्या गावात बोलले जाई. पहाटे विहिरीवर गेल्या की तीन-तीन तास परतत नसत. हात धुवायचे, मग ज्या तांब्याने धुतले तो तांब्या धुवायचा, मग तांब्याला लागले म्हणून हात पुन्हा धुवायचे. थंडीत त्यांच्या बोटांची पेरे फुटून रक्त येई आणि त्या रक्ताचा विटाळ म्हणून पुन्हा पाणी. रात्री दाराची कडी. “बाळ, कडी लागली ना रे?” “लागली, काकू.” “तू डोळ्यांनी पाहिलीस ना?” “पाहिली.” मी अंथरुणात शिरतो न शिरतो तोच पुन्हा हाक. एका रात्री दहा-बारा वेळा उठल्याचे मला आठवते. कडी लागलेली आहे हे त्यांना माझ्याइतकेच ठाऊक होते. एकदा त्या माझ्यापुढे रडल्या. म्हणाल्या, “मला कळतं रे सगळं. पण मन ऐकत नाही.”

१९७९ साली त्या गेल्या. समाचाराला आलेल्या बायका म्हणाल्या, “असं सोवळं आता कोण पाळतंय!” गावातले टवाळ मात्र म्हणत, “त्यांना मंत्रचळ लागला होता.” एकाने गुण म्हटले, दुसऱ्याने वेड म्हटले. दुखणे मात्र कोणीच म्हटले नाही. आणि ज्याला दुखणे म्हटले नाही त्याला औषध कोण विचारणार?

आता त्या दुखण्याची व्याख्या पाहा. नको असलेला विचार पुन्हा पुन्हा मनात घुसतो. तो घालवण्यासाठी माणसाला काही कृती करणे भाग पडते. आणि या चक्रात रोजचा तासाहून अधिक वेळ जातो, किंवा त्यापायी माणूस अतिशय कष्टी होतो, त्याचा संसार, काम, शिक्षण अडून बसते. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची जी निदानपुस्तिका आहे, तिच्या २०१३ च्या आवृत्तीत या दुखण्याची लक्षणे साधारण अशीच दिली आहेत. यात डबे नीट मांडण्याचा आनंद कोठे बसतो? आमच्या सूनबाईंना डबे मांडताना सुख होत होते. काकूंना हात धुताना सुख होत नव्हते. न धुता राहण्याचे भय तेवढे घटकाभर कमी होत होते. या दोन गोष्टींत आवड आणि दुखणे यांच्यातले सगळे अंतर आहे, आणि आपण दोघींना एकच शब्द लावतो!

“पण काका,” आमच्या घरातला एक पदवीधर मला म्हणाला, “भाषा वाहती असते. शब्दांचे अर्थ बदलायचेच. तुम्ही कोण अडवणारे?” हा युक्तिवाद मी बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकला आहे, म्हणून त्याला उत्तर देतो.

भाषा वाहती असते हे मला मान्य आहे. बसची वाट पाहून ‘जीव गेला’ असे आपण म्हणतो, तेव्हा कोणी तिरडी बांधायला धावत नाही. ‘डोके तापले’ म्हटल्यावर कोणी तापमापक काढीत नाही. कारण मरण म्हणजे काय आणि ताप म्हणजे काय, हे बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही पक्के ठाऊक असते. मूळ अर्थ जागेवर आहे, म्हणून त्यावरचा अलंकार शोभतो. ओसीडीचे तसे नाही. दहा माणसांतल्या नवांनी हा शब्द प्रथम ऐकला तोच डब्यांच्या आणि चादरींच्या संदर्भात. मूळ अर्थ त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही. सोन्याचा मुलामा चढवायला आधी भांडे लागते. येथे भांडेच नाही आणि आपण मुलामा विकतो आहोत.

याचा परिणाम काय होतो तेही सांगतो. माझ्या पुतण्याचा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. काकूंचे दुखणे त्याच्या वाट्याला आले. त्याला विहीर नाही आणि सोवळे नाही. त्याला भय वाटते ते आपल्या हातून कोणाला तरी इजा होईल याचे. रस्त्यावरून सायकलने आला की ‘आपला धक्का लागून कोणी पडले तर नाही ना’ म्हणून तो पुन्हा पुन्हा मागे जाऊन पाहून येई. दोन किलोमीटरांच्या वाटेला त्याला दीड तास लागे. मोठ्या धीराने त्याने हे आपल्या दोन मित्रांना सांगितले, म्हणाला, मला ओसीडी आहे असे वाटते. मित्र हसले आणि म्हणाले, “अरे, तो तर आम्हा सगळ्यांनाच आहे!” त्यानंतर वर्षभर तो कोणाशी बोलला नाही. मित्र दुष्ट नव्हते. त्यांच्याजवळ तो शब्द होता, पण त्याच्या पोटात काही नव्हते. माझ्या काकूंच्या दुखण्याला नाव मिळाले नाही म्हणून त्या एकट्या पडल्या. या मुलाला नाव मिळाले, पण ते त्याच्या हाती येईतो आपण सगळ्यांनी चोळामोळा करून टाकले होते, म्हणून तोही एकटा पडला. माझे भांडण आहे ते एवढ्यासाठी.

आता दुसरा शब्द घेऊ. तो इतका प्रसिद्ध नाही, पण त्याचा आपल्या घराशी फार जवळचा संबंध आहे. बी. एफ. स्किनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या विचारात ‘प्रबलन’ ही मध्यवर्ती कल्पना आहे. एखाद्या कृतीनंतर असे काही घडते की ती कृती पुढे वाढते, त्याला प्रबलन म्हणावयाचे. कृतीनंतर हवेसे काही मिळाले आणि कृती वाढली, तर ते धन प्रबलन. नकोसे काही दूर झाले आणि कृती वाढली, तर ते ऋण प्रबलन. धन आणि ऋण येथे अंकगणितातले आहेत: बेरीज आणि वजाबाकी. चांगले आणि वाईट हा अर्थ त्यांत मुळीच नाही. आणि शिक्षा ही तर तिसरीच गोष्ट, कारण शिक्षेने कृती कमी होते. तरीही शिक्षकांच्या एका मेळाव्यात एका वक्त्याने ‘ऋण प्रबलन म्हणजे छडी’ असे ठणकावून सांगितल्याचे मी या कानांनी ऐकले आहे, आणि समोरच्या शंभर मास्तरांनी ते वहीत उतरवून घेतले.

“छडी म्हटले काय आणि आणखी काही म्हटले काय, फरक काय पडतो?” असे विचाराल, तर पुन्हा काकूंकडे चला. हात धुतल्यावर त्यांचे भय घटकाभर ओसरे. नकोसे भय दूर झाले, म्हणून धुणे वाढले. हेच ते ऋण प्रबलन. आणि ‘लागली कडी, काकू’ हे माझे उत्तर? त्यानेही भय ओसरे, म्हणून विचारणे वाढे. त्यांचे भय ओसरले की मला अंथरूण मिळे, म्हणून माझे उत्तर देणेही वाढे. आम्ही सगळे घर त्यांच्यावर माया करीत होतो. माझे वडील न कुरकुरता चौथी बादली ओढून देत, आई वेगळे भांडे ठेवी, आम्ही मुले रात्री उठत असू. आणि त्या मायेच्या प्रत्येक घासाने ते दुखणे पोसत होते. मराठीत ऋण म्हणजे कर्ज. या बाबतीत शब्द अगदी नेमका बसला आहे. काकूंना मिळे तो दिलासा कर्जाऊ असे, आणि त्याचे व्याज दुसऱ्या दिवशी वाढीव भयाने फेडावे लागे.

१९६६ साली लंडनमधल्या व्हिक्टर मेयर यांनी अशा रुग्णांवर केलेल्या एका उपचाराची हकीकत प्रसिद्ध केली. भयाचे कारण समोर आणावयाचे आणि धुण्याची कृती होऊ द्यावयाची नाही. भय वाढते, टिकते, आणि मग न धुताही आपोआप उतरते, याचा अनुभव माणसाला येऊ द्यावयाचा. पुढे हाच उपचार सुधारून, पायरीपायरीने, रुग्णाच्या संमतीने करू लागले, आणि आज औषधांच्या जोडीने किंवा औषधांवाचूनही त्याने पुष्कळांना उतार पडतो. सर्वांना पडतो असे मी म्हणणार नाही. पण १९६६ साली आमच्या काकू विहिरीवर उभ्या होत्या! लंडन दूर होते हे खरे. तरी निदान ‘हे दुखणे आहे आणि आपल्या दिलाशाने ते वाढते’ एवढे एक वाक्य जरी त्या घरात कोणी उच्चारले असते, तरी माझ्या वडिलांनी चौथी बादली ओढण्यापूर्वी विचार केला असता. व्याख्या ही परीक्षेत पाच गुणांना लिहिण्याची वस्तू आहे, असे आपल्याला शाळेत शिकवले. मला ती पाच गुणांची वस्तू साठी उलटल्यावर कळली, आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

आता मेंदूकडे वळू, कारण हल्ली मनाला कोणी विचारीत नाही. जे ते मेंदूत. त्यातही डोपामिनचा थाट मोठा. ते म्हणे ‘आनंदाचे रसायन’. काही तरुण मंडळी तर एकादशीसारखा ‘डोपामिनचा उपवास’ करतात. मोबाइल बाजूला ठेवून शांत बसण्याला माझा पाठिंबाच आहे. त्याला नुसते शांत बसणे म्हणा. पण डोपामिनचा उपवास खरोखर कोणाला घडला तर त्याला देवाचीच करुणा भाकावी लागेल. १९५७ साली स्वीडनमध्ये आर्व्हिड कार्लसन यांनी आपल्या सर्पगंधेच्या मुळीत असणारे रेसर्पिन सशांना टोचले, तेव्हा ते ससे लुळे होऊन पडून राहिले. डोपामिन ज्यापासून बनते ते द्रव्य टोचल्यावर ते पुन्हा हिंडूफिरू लागले. या मार्गाने पुढे कंपवातावर औषध मिळाले, आणि २००० साली कार्लसन नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. कंपवाताच्या रुग्णाचा हात थरथरतो, पाऊल उचलत नाही, ते मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरत गेल्यामुळे. उपवास म्हणतात तो हा!

आणि आनंदाचे म्हणाल, तर वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग पाहा. माकडाच्या तोंडात अवचित फळांच्या रसाचा थेंब पडला की डोपामिनच्या पेशी खडबडून जाग्या होत. पण रसाआधी दिवा लागतो हे माकडाला कळल्यावर त्या पेशी दिव्याला जाग्या होऊ लागल्या, आणि प्रत्यक्ष रस आला तेव्हा गप्प. दिवा लागून रस आलाच नाही, तर त्यांचे काम नेहमीपेक्षाही मंदावे. हे कोणत्याही आजीला समजेल. पहिल्या दिवशी नातवाला लाडू हातात पडल्यावर हर्ष होतो. चौथ्या दिवशी डब्याचे झाकण वाजताच तो धावत येतो. आणि डबा रिकामा निघाला तर आधी नव्हता तेवढा हिरमुसतो. अपेक्षा आणि प्राप्ती यांच्यातला फरक मेंदूला कळवणे हे त्या पेशींचे एक मोठे काम आहे. ओढ वाटणे आणि गोड लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि डोपामिनचा संबंध गोडीपेक्षा ओढीशी अधिक आहे, असे पुढील संशोधनातून दिसून आले. ज्याला व्यसन जडले आहे, त्या माणसाला दारू आता गोड लागत नाही आणि तरी ओढ सुटत नाही. ‘आनंद मिळतो म्हणून पितो मेला’ असे त्याची बायको आणि आपण सगळे म्हणतो. आपली व्याख्या चुकली की आपला निवाडाही चुकतो, तो असा.

स्किझोफ्रेनियाची तऱ्हा तर याहून वाईट. सरकारने सकाळी एक सांगितले आणि संध्याकाळी दुसरे, की अग्रलेखात लिहितात, ‘धोरणाचा स्किझोफ्रेनिया’. ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९०८ साली हा शब्द घडवला, तो फाटणे आणि मन या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून. फाटणे म्हणजे विचार, भावना आणि वर्तन यांची एकमेकांशी असलेली वीण उसवणे, हे त्याच्या मनात होते. एका देहात दोन माणसे राहतात, हा अर्थ त्यात नव्हता. या दुखण्यातल्या माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, खोटे संशय खरे वाटतात, बोलण्याचा धागा तुटतो, उभारी नाहीशी होते. आपण ‘दुभंगलेले व्यक्तिमत्त्व’ म्हणून त्याला चित्रपटातला दिवसा सज्जन आणि रात्री खुनी करून टाकले. २००४ साली ‘देवराई’ हा मराठी चित्रपट या दुखण्यावर निघाला, तो या खोट्या चित्रापासून दूर राहिला. पण एक चित्रपट किती जणांना पुरणार?

नावाने काय बिघडते, असे विचारणाऱ्यांनी जपानकडे पाहावे. तेथे या दुखण्याचे जुने नाव ‘मन फाटण्याचा रोग’ अशा अर्थाचे होते. रुग्णांच्या नातेवाइकांच्या संघटनेने १९९३ साली ते बदला असे मागणे केले, आणि २००२ साली तेथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने ‘एकसूत्रता बिघडण्याचा विकार’ अशा अर्थाचे नवे नाव स्वीकारले. आधी पुष्कळ डॉक्टर रुग्णाला त्याच्या दुखण्याचे नावच सांगत नसत. सांगण्यासारखे नावच नव्हते. नाव बदलल्यावर सांगणाऱ्यांचे प्रमाण थोड्याच वर्षांत पुष्कळ वाढले. आईबापांनी नऊ वर्षे एका शब्दासाठी वाट पाहिली. त्यांना कोणी शब्दांचा कीस पाडणारे म्हणणार आहे काय?

आता सर्वांत जड आक्षेपाकडे येतो, कारण तो टाळला तर माझे भांडण अप्रामाणिक ठरेल. “अहो, ज्या तज्ज्ञांच्या व्याख्यांची आपण एवढी आरती ओवाळता, त्यांच्या व्याख्या तरी कोठे पवित्र आहेत?” नाहीत, आणि मी स्वतःच त्यांचे दोष मोजून दाखवतो. १८५१ साली अमेरिकेतल्या सॅम्युएल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने मालकाकडून पळून जाणाऱ्या गुलामांना एक मानसिक रोग झालेला असतो असे लिहिले, आणि त्या रोगाला भारदस्त ग्रीक नावही दिले. बायकांच्या दुखण्यांना शतकानुशतके गर्भाशयावरून पडलेले ‘हिस्टेरिया’ हे नाव चिकटले होते. ते अमेरिकन निदानपुस्तिकेतून १९८० साली गेले. समलिंगी प्रेम हा रोग आहे असे तीच पुस्तिका १९७३ पर्यंत म्हणत होती. १९१० साली हेन्री गॉडार्डने आठ ते बारा वर्षांच्या मुलाएवढी बुद्धी असलेल्या प्रौढासाठी ‘मोरॉन’ हा शास्त्रीय शब्द घडवला. आज ती नुसती शिवी आहे. आपल्याकडे ‘मतिमंद’ हा शब्द असाच मायेने आला आणि शाळेच्या मैदानावर शिवी होऊन बसला, तेव्हा ‘बौद्धिक अक्षमता’ हा शब्द आणावा लागला.

बुद्धिमत्तेची कथा तर सर्वांना उपयोगी पडावी अशी आहे. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये थिओडोर सिमाँ यांच्या साहाय्याने कसोटी तयार केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना हुडकून त्यांना मदत देण्यासाठी. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती कसोटी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवली. आज तोच बुद्ध्यंक वधूवरांच्या माहितीत उंचीशेजारी लिहिलेला मी पाहिला आहे. मदतीसाठी काढलेला आकडा मिरवण्यासाठी वापरला, की ज्यांना मदत हवी ती मुले आपोआप हिणकस ठरतात.

तर मग व्याख्या चुकतात, हे मान्य. पण वरची यादी पुन्हा वाचा. या सगळ्या व्याख्या खोडता आल्या, त्या कशामुळे? त्या काळ्यावर पांढऱ्या लिहिलेल्या होत्या म्हणून. अमुक लक्षणे असतील तर अमुक रोग, असे वाक्य लिहून ठेवले की दुसऱ्याला त्यावर बोट ठेवता येते, पुरावा मागता येतो, ‘हे खोटे आहे’ असे सभेत उठून सांगता येते. १९७३ साली तसे सांगणारे उठले आणि ते वाक्य खोडले गेले. मोघम शब्दावर कोठे बोट ठेवणार? ‘ती जरा तशीच आहे’, ‘त्याचे डोके फिरले आहे’, ‘तिला कसले तरी डिप्रेशन आहे’ — यांना ना पुरावा लागतो, ना ती खोडता येतात. या मोघम शब्दांनी आपल्याकडे किती मुलींची लग्ने मोडली, किती सुना माहेरी धाडल्या, किती भावांचे जमिनीतले हिस्से बुडवले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. चुकीची व्याख्या ही वाईट गोष्ट आहे. पण तिच्याशी निदान लढता येते.

आपल्या कायद्यालाही हे शहाणपण हळूहळू आले. १९१२ चा कायदा ‘ल्युनॅटिक’ म्हणत होता, म्हणजे ज्याच्या डोक्यावर चंद्राचा परिणाम झाला आहे तो. अमावास्या-पौर्णिमेला वेड वाढते म्हणणारी आपली आजी आणि ते इंग्रज सरकार यांचे या बाबतीत एकमत होते. त्या कायद्याची जागा १९८७ च्या कायद्याने घेतली, आणि त्याची २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने. या शेवटच्या कायद्यात मानसिक आजाराची व्याख्या आहे: विचार, मनःस्थिती, संवेदन, स्थलकालाचे भान किंवा स्मरण यांतला असा मोठा बिघाड, की ज्यामुळे माणसाचा विवेक, वर्तन, वास्तव ओळखण्याची शक्ती किंवा रोजचे व्यवहार पार पाडण्याची क्षमता फार ढासळते. याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. माणूस कोणत्या पक्षाचा, जातीचा, धर्माचा आहे, किंवा तो समाजाच्या नीतिकल्पनांप्रमाणे वागत नाही, एवढ्यावरून त्याला मानसिक आजारी ठरवता येणार नाही, असे तो कायदा स्पष्ट सांगतो. घरच्यांना न विचारता लग्न करणाऱ्या मुलीला ‘हिचे डोके तपासून घ्या’ म्हणणाऱ्या काकांनी हे कलम मोठ्याने वाचावे.

शेवटी एक खुलासा, नाहीतर मला भाषाशुद्धीच्या गोटात ढकलण्यात येईल. शब्द इंग्रजी आहे की संस्कृत, याच्याशी माझे भांडण नाही. ‘न्यूनगंड’ हा घडवलेला शब्द. आज भाजीवालीच्या तोंडीही तो बसला आहे. आणि ‘टेन्शन’ हा परका शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला आहे. भाषा संचालनालयाने मानसशास्त्राचा परिभाषाकोश काढला आहे. त्यातले काही शब्द उच्चारताना दात हलतात हे खरे, पण तो निदान खटपट तरी करतो. मला हवे आहे ते एवढेच, की शब्द कोणताही वापरा, पण त्याची कुंपणे माहीत असू द्या. हा शब्द कशाला लावतात हे तर सांगाच, पण कशाला लावीत नाहीत, तेही सांगता आले पाहिजे. परीक्षा हार गेल्याचे दुःख म्हणजे डिप्रेशन नव्हे, पण दोन आठवडे रोज, जवळजवळ दिवसभर, मन उदास राहिले किंवा कशातच गोडी वाटेनाशी झाली, आणि सोबत झोप, भूक, शक्ती, लक्ष यांचे तंत्र बिघडून जगणे नकोसे वाटू लागले, तर ते दुःख आहे म्हणून थांबू नका, डॉक्टरांकडे चला. कुंपण दोन्ही बाजूंनी उपयोगी पडते. जो आजारी नाही त्याला ते बाहेर ठेवते, आणि जो आहे त्याला ‘हे सगळ्यांनाच होते’ असे म्हणून परत पाठवीत नाही.

आमच्या सूनबाईंना मी त्या दिवशी काही बोललो नाही. सणाच्या दिवशी लेकीसुनांना बोलू नये. दोन दिवसांनी काकूंची गोष्ट सांगितली. त्या गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या, “मग मी काय म्हणू, बाबा?” मी म्हटले, “मराठीत टापटीप नावाचा चांगला शब्द आहे, तो तुमची वाट पाहतो आहे.”

पुतण्याचा मुलगा यंदा दिवाळीला आमच्याकडे येणार आहे. त्याचे उपचार चालू आहेत. उपचार करणाऱ्या बाईंनी आम्हां घरच्यांनाही बोलावून शिकवले आहे, की त्याने “मी कोणाला धक्का दिला नाही ना?” असे विचारले तर उत्तर द्यावयाचे नाही, मायेने जवळ बसावयाचे, पण उत्तर द्यावयाचे नाही. हे फार कठीण आहे. परवा फोनवर त्याने मला विचारले, आणि माझ्या जिभेवर ‘नाही रे बाळा’ आले होते. ते मी गिळले. पलीकडे तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आजोबा, चकल्या केल्या का?”